स्वखुशीने गेलेले, धरून नेलेले

 

आज आम्ही लांबच्या देशांतला इतिहास सांगणार आहोत. त्यातली नावं जड आहेत, लक्षात राहिली नाहीत तरी बिघडत नाही. पण त्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. एकाने केलेल्या कृत्याचा दोष किती जणांच्या माथी मारायचा? त्या माणसाच्या, त्याच्या घराच्या, त्याच्या टोळीच्या, की त्याच्या सगळ्या मुलखाच्या?

स्वयंसेवक म्हटलं की आपल्याला वारीत पाणी वाटणारी पोरं आठवतात, पुरात पोती वाहणारी माणसं आठवतात. स्वतःहून आलेला तो स्वयंसेवक. युद्धातही स्वयंसेवक असतात आणि कधीकधी ते परक्या देशाच्या सैन्यात जातात. दुसऱ्या महायुद्धात, म्हणजे १९३९ ते १९४५ या वर्षांत, असे लाखो लोक हिटलरच्या जर्मनीकडून लढले. ते ज्या सैन्यात भरती झाले त्याचं नाव वाफेन एसएस. एसएस ही मुळात हिटलरच्या नाझी पक्षाची संघटना. छळछावण्या चालवण्याचं काम तिच्याच हातात होतं. युद्ध संपेपर्यंत सुमारे ६० लाख ज्यू माणसं मारली गेली, त्यात म्हातारे आले, बाळंतिणी आल्या, तान्ही लेकरं आली. या संघटनेची लढणारी शाखा म्हणजे वाफेन एसएस. आणि शेवटी शेवटी या सैन्यातले निम्म्याच्या आसपास लोक जर्मनीबाहेर जन्मलेले होते.

आधी नॉर्वेकडे जाऊ. युरोपच्या पार उत्तरेला, बर्फाचा देश. तेव्हा तिथली वस्ती जेमतेम ३० लाख. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने तो देश घेतला आणि मे १९४५ पर्यंत धरून ठेवला. तिथला राजा आणि सरकार लंडनला निघून गेले. मागे क्विस्लिंग नावाचा पुढारी जर्मनांच्या हाताखाली कारभार बघू लागला. आपल्याकडे फितुराला सूर्याजी पिसाळ म्हणतात, तसं इंग्रजीत फितुराला आजही क्विस्लिंग म्हणतात. नावाचाच शब्द झाला.

या नॉर्वेमधून पाच-सहा हजार तरुण जर्मन सैन्यात गेले. का गेले? काही क्विस्लिंगच्या पक्षाचे होते, त्यांना हिटलरचे विचार पटलेले होते. काहींना रशियाची भीती होती. रशियाने १९३९ च्या हिवाळ्यात शेजारच्या फिनलंडवर हल्ला केला होता, आणि आपण फिनलंडच्या मदतीला जातोय अशी त्यांची समजूत होती किंवा करून दिलेली होती. काही पगारासाठी गेले, काही घरच्या कटकटीला कंटाळून, काही नुसतेच बंदुकीच्या हौसेपायी. वीस वर्षांची पोरं ती. पण कुणी त्यांना दोरीला बांधून नेलं नव्हतं हे खरं. सही त्यांनी स्वतः केली होती.

युद्ध संपल्यावर त्यातले बहुतेक म्हणत राहिले की आम्ही साधे शिपाई, आम्ही आघाडीवर रशियाशी लढलो, ज्यू लोकांचं काय झालं ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. घरच्यांनी ते मानलं. शेजाऱ्यांनी मानलं नाही पण विचारलंही नाही. मग २०१३ मध्ये, म्हणजे सत्तर वर्षांनी, त्यांच्यातल्या एका नव्वदी ओलांडलेल्या म्हाताऱ्याने नॉर्वेच्या टीव्हीवर सांगितलं की १९४१ मध्ये युक्रेनमध्ये गावकऱ्यांना चर्चमध्ये कोंडून चर्च पेटवून दिलं गेलं, आणि तेव्हा आपण तिथे होतो. इतकी वर्षं तो माणूस घरी राहिला, जेवला, झोपला. आमचं मत विचाराल तर 'ठाऊक नव्हतं' हे वाक्य सगळ्यांच्या बाबतीत खोटं नसेल, पण ते सगळ्यांच्या फार कामाला आलं. ज्याचे हात खरंच स्वच्छ होते त्यानेही तेच म्हटलं आणि ज्याचे नव्हते त्यानेही. ऐकणाऱ्याने फरक ओळखायचा कसा?

आता बायकांचं सांगतो. सैनिकांबरोबर नॉर्वेच्या काहीशे मुलीही गेल्या होत्या, जर्मन रेडक्रॉसच्या परिचारिका म्हणून. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, मरणाऱ्याच्या तोंडाला पाणी लावणं हे त्यांचं काम. त्यातलीच एक हाना क्वानमो. उत्तर नॉर्वेच्या हार्स्टाड गावची, १९२६ सालचा जन्म. म्हणजे गेली तेव्हा सोळा-सतराची पोर. युद्धानंतर नॉर्वेत देशद्रोहाचे खटले चालले तेव्हा या परिचारिकांनाही उभं केलं गेलं. रेडक्रॉसची खूण कोणत्याही बाजूची असली तरी ती शुश्रूषेचीच असते, हा बचाव न्यायालयांत टिकला नाही. शत्रूच्या कामाला हातभार लावला म्हणून त्या दोषी ठरल्या. हानालाही तुरुंगवासाची शिक्षा झाली.

पुढे ती शिकली, शिक्षिका झाली. १९७३ साली निवडून येऊन नॉर्वेच्या संसदेत गेली, तेही डाव्या समाजवादी पक्षाकडून, आणि १९८९ पर्यंत तिथे राहिली. तिने आत्मकथन लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थ 'निवाडा'. आणि ऐका, १९९१ पासून २००२ पर्यंत ती नोबेल शांतता पुरस्कार कुणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या पाच जणांच्या समितीवर होती. ज्या देशाने तिला देशद्रोही म्हटलं, त्याच देशाच्या संसदेने तिला या समितीवर नेमलं. काही लोकांना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. आम्हाला मात्र या गोष्टीत नॉर्वेचं बरं वाटतं. शिक्षा भोगून झाली म्हणजे झाली, असं तिथे निदान एका बाईच्या बाबतीत तरी झालं.

पण सगळ्याच बायकांच्या बाबतीत असं झालं नाही. देशात पाच वर्षं लाखो जर्मन शिपाई राहत होते. त्यांच्यावर प्रेम केलेल्या, त्यांच्याबरोबर राहिलेल्या नॉर्वेच्या मुली हजारोंनी होत्या. कुणी खऱ्या प्रेमात पडलेल्या, कुणी पोटासाठी. यांनी ना बंदूक धरली होती, ना कुणाची चुगली केली होती. पण १९४५ च्या मे महिन्यात देश मोकळा झाला आणि त्यांना रस्त्यात धरून त्यांचे केस भादरले गेले. हजारोंना छावण्यांत डांबलं. ऑगस्ट १९४५ मध्ये तर हुकूमच निघाला, की जिने जर्मनाशी लग्न केलं तिचं नागरिकत्व गेलं. अशा बायकांना नवऱ्याच्या मागे जर्मनीला धाडलं, जिथे शहरं बेचिराख झालेली होती आणि खायला अन्न नव्हतं. जर्मन बाईशी लग्न केलेल्या नॉर्वेच्या पुरुषाला मात्र ही शिक्षा नव्हती. यावर आम्ही काही बोलत नाही, तुम्हीच आपापसात बोला.

या बायकांची लेकरं दहा-बारा हजार होती. शाळेत त्यांना मारलं गेलं, काहींना विनाकारण वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं गेलं. त्यांतली एक मुलगी १९४५ च्या नोव्हेंबरात जन्मली. तिची आजी तिला उचलून शेजारच्या स्वीडनमध्ये घेऊन गेली, आई तरुणपणीच गेली, आणि आजीने नातीला वाढवलं. ती पुढे अॅबा या जगभर गाजलेल्या गाण्याच्या मंडळींतली गायिका झाली, आनी-फ्रीड लिंगस्टाड. आजी नसती तर काय झालं असतं कोण जाणे.

या लेकरांची माफी नॉर्वेच्या पंतप्रधानांनी २००० साली नववर्षाच्या भाषणात मागितली. त्यांच्या आयांची माफी मागायला २०१८ साल उजाडलं. तेव्हा पंतप्रधान एक बाई होत्या, एर्ना सोल्बर्ग. तोवर त्या आयांतल्या बहुतेक मरून गेल्या होत्या.

नॉर्वेने अजून एक गोष्ट केली ती आपल्या गटातल्या बायांना लगेच समजेल. क्विस्लिंगच्या पक्षाचा नुसता सभासद असणं हाच गुन्हा ठरवला. आणि पक्षाने देशाचं जे नुकसान केलं त्याची भरपाई सगळ्या सभासदांवर मिळून टाकली. म्हणजे सामाईक हमी! गटातल्या एकीचा हप्ता थकला की बाकीच्या नऊजणींना भरावा लागतो, तेच. त्यावरून गटागटांत किती भांडणं होतात ते आपल्याला माहीत आहे. पण एक फरक लक्षात घ्या. थकलेला हप्ता तुम्ही भरता म्हणून तुम्ही थकबाकीदार होत नाही. पैसे मिळून भरणं वेगळं आणि गुन्हेगार म्हणून कपाळावर शिक्का बसणं वेगळं. जर्मनीतले कार्ल यास्पर्स नावाचे विचारवंत होते, त्यांनी १९४६ मध्ये जर्मन लोकांच्या दोषावर एक पुस्तक लिहिलं. त्यांची बायको ज्यू, हिटलरच्या काळात दोघंही जीव मुठीत धरून राहिलेले. त्यांनी हेच वेगळं करून दाखवलं, की देशाने केलेल्या नुकसानीची जबाबदारी सगळ्या नागरिकांना उचलावी लागेल, पण गुन्हा हा माणसामाणसाचा असतो, अख्ख्या लोकांचा नसतो. आणि मनाला जे खातं त्याचा हिशेब ज्याचा त्याने करायचा, तो न्यायाधीशाच्या हातात नाही.

जन्मावरून अख्ख्या समाजाला गुन्हेगार ठरवणं म्हणजे काय, ते समजायला आपल्याला युरोपात जायचीही गरज नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती. १९५२ मध्ये तो कायदा गेला. पारधी समाजाच्या बायांना विचारा, शिक्का गेला का म्हणून.

बरं, परक्या सैन्यात गेलेल्यांत आपली माणसंही होती. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांकडून लढताना जर्मनांच्या हाती सापडलेल्या हिंदी शिपायांतून सुभाषबाबूंनी जर्मनीत एक पलटण उभी केली. तीन हजारांवर माणसं. त्यांना हिटलरशी देणंघेणं नव्हतं, इंग्रज घालवायचे होते. कुणी कैदेतून सुटायला म्हणूनही आला असेल. ऑगस्ट १९४४ मध्ये ही पलटण कागदोपत्री वाफेन एसएसमध्ये घातली गेली. त्या वेळी ती फ्रान्सच्या किनाऱ्यावर होती, आणि माघारीच्या वाटेवर तिच्यातल्या काहींनी बायकांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी फ्रेंच गावांनी केल्या. हे सांगताना जीभ अडखळते, कारण नेताजींची तसबीर आपल्या कितीतरी घरांत आहे. पण त्या गावातल्या बाईला आपल्या स्वातंत्र्याचं काय? तिच्या दारात जो आला तो तिला एसएसचाच दिसला. आणि ज्या शिपायाने कुणाला बोटही लावलं नाही, तोही त्याच गणवेशात होता.

म्हणूनच न्यूरेंबर्गच्या न्यायाधीशांपुढे पेच होता. १९४६ च्या शरदात त्यांनी निकाल दिला की एसएस ही गुन्हेगार संघटना आहे. पण त्याच निकालात त्यांनी अपवाद ठेवला. ज्याला पर्याय न ठेवता जबरदस्तीने भरती केलं आणि ज्याने स्वतः गुन्हा केला नाही, तो त्यात धरायचा नाही. गुन्हा व्यक्तीचा असतो, सरसकट शिक्षा टाळली पाहिजे, असं त्यांनी लिहून ठेवलं. कागदावर हे सरळ आहे. पण ज्याला जबरदस्तीने नेलं आणि ज्याच्या हातून गुन्हाही झाला, त्याचं काय करायचं?

हा प्रश्न फ्रान्सच्या एका गावाने विचारला. गावाचं नाव ओरादूर-सूर-ग्लान. १० जून १९४४, शनिवार. दुपारी वाफेन एसएसची एक तुकडी गावात शिरली आणि सगळ्यांना चौकात गोळा केलं. पुरुषांना कोठारांत नेऊन गोळ्या घातल्या. बायका आणि लेकरांना चर्चमध्ये कोंडलं आणि चर्च पेटवलं. ६४३ माणसं गेली, त्यात दोनशेवर लेकरं.

चर्चमधून एकच बाई जिवंत निघाली. मार्गरीत रूफांश, वय सत्तेचाळिशीच्या आसपास. वेदीच्या मागच्या खिडकीतून तिने बाहेर उडी टाकली. तिच्या मागून तान्हं बाळ घेऊन एक तरुण आई निघाली, ती आणि बाळ दोघं गोळीला बळी पडली. मार्गरीतलाही पाच गोळ्या लागल्या. ती सरपटत वाटाण्याच्या वाफ्यात गेली आणि दुसऱ्या दिवशी कुणी येईपर्यंत तिथेच पडून राहिली. तिचा नवरा, मुलगा, दोन मुली, सात महिन्यांचा नातू, सगळे गेले.

साडेआठ वर्षांनी, जानेवारी १९५३ मध्ये, बोर्दो शहरात खटला उभा राहिला. मार्गरीत साक्षीला आली. समोर आरोपी २१. त्यातले ७ जर्मन. आणि १४ जण फ्रान्सचेच, आल्सेस या प्रांतातले!

आल्सेस हा जर्मनीच्या सीमेवरचा मुलूख, कधी या देशात, कधी त्या देशात. १९४० मध्ये हिटलरने तो ओढून घेतला आणि ऑगस्ट १९४२ पासून तिथल्या पोरांना जर्मन सैन्यात सक्तीने भरती केलं. आल्सेस आणि शेजारच्या मोझेल भागातून मिळून लाखाच्या वर पोरं गेली आणि त्यातली हजारो परत आलीच नाहीत. पळून जावं तर नाझींचा नियम असा की पळालेल्याच्या आईबापांना उचलायचं. फेब्रुवारी १९४३ मध्ये बालर्सडोर्फ गावच्या पोरांनी स्वित्झर्लंडकडे पळायचा प्रयत्न केला, ती पकडली गेली. पोरांना गोळ्या घातल्या, घरच्यांना हद्दपार केलं. म्हणजे एकाच्या कृत्याचा दोष सगळ्या घरावर टाकणं हेच तर नाझींचं हत्यार होतं. आल्सेसचे लोक या पोरांना 'आमच्या मर्जीविरुद्ध गेलेले' म्हणतात. त्या १४ आरोपींत असे १३ होते. एकच खराखुरा स्वयंसेवक.

फ्रान्सने १९४८ मध्ये असा कायदा केला होता की ज्या तुकडीने गुन्हा केला त्या तुकडीत असलेला प्रत्येक जण दोषी धरायचा. आपण निर्दोष आहोत हे त्याने सिद्ध करावं. ओरादूरच्या लोकांना हा कायदा हवा होता, कारण कुणी काडी लावली आणि कुणी नुसता पहाऱ्यावर होता, हे सांगायला साक्षीदार उरले होते कुठे? सगळे तर मेले होते. आणि आल्सेसचे लोक म्हणत होते की आमच्या पोरांना एकदा हिटलरने धरून नेलं, आता तुम्ही त्यांना हिटलरच्याच माणसांच्या रांगेत बसवता. खटला चालू असतानाच संसदेने तो कायदा मागे घेतला.

फेब्रुवारीत निकाल लागला. एक जर्मन सार्जंट आणि तो आल्सेसचा स्वयंसेवक, दोघांना फाशी. बाकीच्या आल्सेसच्या पोरांना काही वर्षांची कैद आणि सक्तमजुरी. त्यावर आल्सेस पेटून उठलं. प्रांत पुन्हा फुटून निघेल या भीतीने आठवडाभरात संसदेने माफीचा कायदा केला, ३१९ विरुद्ध २११ मतांनी. ते १३ जण सुटून घरी गेले. फाशीच्या शिक्षाही पुढे कमी झाल्या.

आम्ही या गोष्टीवर खूप बोललो आणि आमच्यातच एकमत झालं नाही. एकीचं म्हणणं, सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या डोक्याला पिस्तूल लावलं तर तो काय करणार, त्याच्या आईचा विचार करा. दुसरीचं म्हणणं, चर्चच्या दारात उभं राहून आतला आक्रोश ऐकला ना त्याने, मग मार्गरीतचा विचार कुणी करायचा. एक गोष्ट मात्र दोघींनी मान्य केली. संसदेने ज्या घाईने माफी दिली ती दयेपोटी नव्हती, मतांच्या हिशेबाने होती. माफी द्यायचा हक्क खरं तर ज्यांचा होता, त्यांना कुणी विचारलंच नाही.

ओरादूरच्या लोकांनी सरकारने दिलेला शौर्याचा सन्मान परत केला. सरकारने मृतांसाठी बांधलेल्या स्मारकात अस्थी ठेवायला नकार दिला आणि स्वतःच्या वर्गणीतून स्मशानभूमीत वेगळं स्मारक बांधलं. कित्येक वर्षं सरकारी पाहुण्यांना स्मृतिदिनाला बोलावलं नाही. जळलेल्या गावाच्या वेशीवर त्यांनी फलक लावले, त्यावर माफीच्या बाजूने मत देणाऱ्या खासदारांची नावं लिहिली. एकेकाचं नाव, वेगवेगळं.

आणि त्या चर्चमध्ये, कोठारांत जे मेले त्यांत चाळीसच्या आसपास माणसं मोझेलच्या शार्ली गावची होती. जर्मनांनी हाकलून लावलेले निर्वासित, आसऱ्याला ओरादूरला येऊन राहिलेले. जिथून पोरं धरून नेली होती त्याच सीमेवरच्या मुलखातले. युद्धानंतर त्या गावाने आपलं नाव बदलून शार्ली-ओरादूर ठेवलं. आजही तेच आहे.